विसावा शब्द

लोणावळे, मंगळवार, १३ डिसेंबर १९३८

आज कुसुमवर उगाच चिडले. दिराची मुलगी, इंग्रजी दुसरीत आहे. तिनं फडताळातली ह्यांची वही काढली. पार्सल ऑफिसातून आले की हे मला इंग्रजी शिकवत. शेवटचा अभ्यास दिला तो असा : पाच अक्षरांचे, शेवटी 'एन' येणारे वीस शब्द शोधायचे, रोज एक. ट्रेन, ग्रीन, क्वीन... एकोणीस झाले आणि तापानं हे गेले. तीन वर्षं झाली.

"काकू, एकच राहिलाय की. ब्राउन लिही."

"ठेव ती वही."

"तुला येत नाही होय?"

येतं. ब्राउन येतं, क्लीन येतं, लर्नसुद्धा. वर्तमानपत्र वाचून आठ-दहा तरी सापडलेत. पण विसावा लिहिला की ह्यांनी दिलेलं काम संपलं. मग उद्यापासून कुणाचा अभ्यास करायचा? वेडेपणा आहे का हा? असेल.

कुसुमला म्हटलं, शाई संपलीय. भरलेली दौत तिच्यासमोरच होती. तिनं दौतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि वही मिटून ठेवली.