बुधवारच्या खोलीवर बोर्ड लावू नये

मी, खाली सही करणारा, धंद्याने बोर्डपेंटर, बायको गेलेला आणि एकुलत्या मुलालाही पोचवून आलेला म्हातारा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. हात थरथरतो, पण डोके ठिकाणावर आहे. डॉक्टर आता माझ्याशी फार गोड बोलू लागले आहेत, त्यावरून काय ते समजलो. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दोन चर्चच्या दोन पाळकांनी आणून पाहिला. त्यांना मी चहा पाजून वाटेला लावले.

कलम १. माझा आत्मा ज्याचा त्याला परत. त्यावर वाद होणार नाही. बाकी सगळ्यावर होईल, म्हणून पुढचे लिहिणे आले.

कलम २. माझे राहते घर, म्हणजे वरच्या दोन खोल्या आणि खालची मोठी खोली, तसेच बँकेतली शिल्लक, हे सगळे माझ्या सुनेचे. पूर्ण मालकीने, विनाअट. तिने पुन्हा लग्न करावे, न करावे. चर्चला जावे, न जावे. खालच्या खोलीत ती दर बुधवारी जे जेवण घालते, ते उद्या बंद केले तरी घर तिचेच. कोणी म्हणेल, ही तर परक्याची पोर. त्याने माझे आजारपण काढायला एक रात्र येऊन बघावे, मग बोलावे.

कलम ३. खालच्या खोलीवर कोणत्याही चर्चचा, मंडळाचा किंवा मिनिस्ट्री म्हणवणाऱ्या सेवाकार्याचा बोर्ड लागणार नाही. जन्मभर बोर्ड रंगवून पोट भरलेल्या माणसाने असे लिहावे हे विचित्र दिसेल, म्हणून खुलासा करतो.

या शहरातल्या झाडून सगळ्या मिनिस्ट्रींचे बोर्ड माझ्या हातचे. प्रत्येकाखाली 'सर्वांचे स्वागत असो' ही ओळ मीच लिहिली. सगळ्यांची देवाशी ओळख, एकमेकांशी तेवढी नाही. इस्पितळात रविवारी संध्याकाळी तीन मंडळे एकाच वॉर्डात जातात. हर्नियाच्या एका पेशंटसाठी तिघांनी आळीपाळीने प्रार्थना केली, तेव्हा तो मला म्हणाला, "पेंटरकाका, देवाचं ठीक आहे, पण मला जरा झोपू द्यायला सांगा."

जेवणाचेही तेच. रविवारची उपासना सुटली की थोरल्या दगडी चर्चची गाडी पुलाखालच्या माणसांना डबे देते. ती वळत नाही तोच जुन्या गोदामात भरणाऱ्या नव्या चर्चची गाडी येते. दुसरा डबा पुढे आला की माणसे हात जोडतात. सोमवारपासून तिकडे कावळाही फिरकत नाही. एकाने तरी वार बदलावा म्हणून मी दोघांकडे खेटे घातले. थोरले पाळक म्हणाले, "रविवार हा प्रभूचा वार. वडिलांपासून चालत आलंय." नवे पाळक, ज्यांना सगळे गिटारवाले म्हणतात, ते म्हणाले, "काका, आमची पोरं रविवारीच मोकळी असतात हो." दोघांचेही खरे, तीच तर पंचाईत.

मला हे कळले ते शहाणपणाने नव्हे. माझा मुलगा गेला, तेव्हा रविवारी दोन्ही चर्चची माणसे आमच्या जिन्यावर लोटली. मुलगा थोरल्या चर्चमध्ये वाढलेला आणि नव्या चर्चमध्ये रमलेला, त्यामुळे दोघांचाही हक्क. शेवटची प्रार्थना कोणी करायची यावर "तुम्ही करा", "छे, तुम्हीच करा" असे चालले आणि अखेर दोघांनीही केली, सावकाश. ठेवायला जागा उरली नाही इतके जेवण आले, ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटले. सोमवारी कोणी आले नाही. मंगळवारी नाही. बुधवारी सून वर थंड शेगडीसमोर बसून होती, आणि मी खाली कोऱ्या बोर्डासमोर. दोघांच्याही पोटात काही नव्हते आणि एकमेकांना विचारायचा धीर नव्हता. तेवढ्यात आमच्या पत्र्याखाली झोपणाऱ्या हमालाने दार वाजवले आणि खायला मागितले. मी वर जाऊन सांगितले, तशी सून मान उचलून मला म्हणाली, "बाबा, भूक काय फक्त रविवारीच लागते का?" उठली आणि तिघांपुरते शिजवले. पुढच्या बुधवारी हमालाने आणखी दोघे आणले. आता खोली पुरत नाही. मी आजवर ज्यांचे बोर्ड रंगवले, त्यांत एवढी खरी मिनिस्ट्री मला भेटली नाही, आणि ती चालवणारी चर्चची पायरी चढत नाही. हे देवाला चालते, असे मला वाटते. पाळकांना चालवून घ्यावे लागेल.

कलम ४. माझी शिडी थोरल्या चर्चला. त्यांचा बोर्ड डावीकडे कलला आहे. मी दरवर्षी सांगतो आणि त्यांची कमिटी दरवर्षी बैठक घेते. माझी जाड सतरंजी नव्या चर्चला, त्यांच्या ड्रमखाली घालायला. शेजारधर्म म्हणून एवढे त्यांनी करावेच.

कलम ५. खालच्या खोलीवर दोन्ही पाळकांचा डोळा आहे. एक म्हणतात बायबल वर्गाला बरी, दुसरे म्हणतात पोरांच्या तालमीला बरी. मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्यातून काही मिळत नाही, असे वकीलसाहेबांनी मला समजावले. म्हणून दोघांनाही साक्षीदार केले आहे. हे कलम सह्या झाल्यावर वाचून दाखवीन.

कलम ६. माझा दफनविधी दोघांनी मिळून करावा. प्रार्थना एकच, आणि आटोपशीर. त्यानंतरच्या रविवारी माझ्या घरी कोणीही जेवण घेऊन येऊ नये. येणार असाल तर नंतरच्या बुधवारी या, आणि त्याच्या पुढच्या बुधवारी. मी नसेन. ती खाली एकटी शिजवत असेल आणि वर गेल्यावर तिच्याशी बोलायला कोणी नसेल. मरायची मला भीती नाही, त्या बुधवारची वाटते.

लिहून देणार: सही (थरथरली आहे, पण माझीच)

साक्षीदार: १. थोरले पाळक, सही. २. गिटारवाले पाळक, सही.

स्थळ: खालची खोली. वार बुधवार, दुपार.

ता. क. सह्या झाल्यावर सगळे वाचून दाखवले. पाचव्या कलमाला दोघेही हसले. सहावे वाचून झाले. मग थोरल्या पाळकांनी कोट काढून खुर्चीला लावला, गिटारवाल्यांनी बाह्या सरसावल्या आणि दोघांनी सुनेला विचारले, "ताई, आम्ही काय करू?" तिने त्यांच्याकडे न बघता सांगितले, "वाढायला घ्या."