कानपिळी

रामधनदादा,

बावीस वर्सांआधी अनसिंगच्या मांडवात माह्या नवरदेवाचा कान पिळाले तुले बोलावलं, तवा तू साऱ्या सोयऱ्यांसमोर म्हणला, "ही माह्या बापाची नाही." मायची मान खाली गेली ते गेलीच. मरेपर्यंत वर आली नाही.

यंदा तुले रक्ताचा कॅन्सर निघाला, अन् बोनमॅरोसाठी बहीण आठवली. मी नागपूरले जाऊन तपासून आली. डॉक्टरीणबाई म्हणे, "पूर्ण जुळलं. सख्ख्या भावंडांतही चारात एखाद्याचंच असं जुळतं. वडील वेगळे असते तर जवळपास अशक्यच."

म्हणजे माय खरी होती, दादा. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून मन भरून रडली. मंग आत जाऊन सांगतलं का मी देत नाही.

तुले फोनवर म्हणलं, "नाही जुळलं." तं तू म्हणला, "मले पयलेच माहीत होतं."

ही चिठ्ठी धाडली तं मायचा डाग आजच धुऊन निघन, पण मंग तुले वाचवा लागन. डॉक्टर तुले दोनच महिने देऊन राह्यले. माय बावीस वर्सं थांबली, आणखी दोन महिने थांबन.

तुही सख्खी बहीण,
द्वारका