गणूची बायको

श्रावण शुद्ध ८

बीडात प्लेगचे उंदीर पडायला लागले, शाळा बंद झाली आणि बोर्डिंगच्या पोरांना घरोघर पिटाळलं. उमापुरात येऊन पडलोय. शाळेत उर्दूत शिकायचं, घरी मराठीत बोलायचं, आणि मनात येतं ते दोन्हींत कुणाला सांगता येत नाही. म्हणून ही वही.

निघताना मराठीच्या मास्तरांनी एक कादंबरी हातात दिली. पुण्याची छपाई. "शाळा उघडली की परत. पानं दुमडू नकोस." येऊन दोन दिवसांत संपवली. गणू नावाचा कोकणातला खलाशी. म्हाताऱ्या आईला मागं ठेवून जहाजावर जातो, आणि शेवटच्या प्रकरणात परक्या बंदरात तापानं मरतो. नाव विचारायलाही जवळ कुणी नसतं.

वाचून झाल्यावर गोठ्यात जाऊन बसलो. दादाची आठवण आली, दुसरं काय.

श्रा. शु. १०

लढाई इंग्रजांची, खेचरं इंग्रजांची, आणि ती हाकायला दर्यापार बसऱ्याला गेला आमचा दादा. औरंगाबादच्या छावणीत नाव लिहून आला तेव्हा मला म्हणाला, "जग बघून येतो बे." पहिल्या वर्षी खबर आली होती, इकडं खजूर लई हाय म्हणून. मग काही नाही.

आज चावडीवर वर्तमानपत्र वाचायला बोलावलं. शिकलेलं पोर म्हणून सगळीकडं मीच सापडतो. पेपर महिन्याचा शिळा. अमुक शहर घेतलं, तमुक नदी ओलांडली. खेचरवाल्यांची एक ओळ नाही. म्हातारे विचारतात, "जिंकलो का रं आपुन?" आपण म्हणजे कोण, ते मला कळेना. हो म्हणालो नि उठलो.

श्रा. शु. १२

फजिती. दर श्रावणात आमच्या घरी पोथी असायची, दादा वाचायचा. आवाज होता त्याला. आज मायनं पोथी काढली तर रुमालात नुसती माती, वाळवीनं खाल्लेली. मायचं तोंड उतरलं. मग माझ्या हातातल्या पुस्तकावर नजर गेली.

"मंग ही वाच."

"माय, ही पोथी न्हाई. गोष्टीचं पुस्तक हाय."

"कशाची गोष्ट?"

"एक पोरगं दर्यावर जातंय. त्याची माय घरी वाट बघती."

"मंग पोथीत दुसरं काय असतंय? जा, अंगोळ करून ये."

शाळेत वादविवादात बक्षीस मिळवलेला मी. गुमान आंघोळीला गेलो.

श्रा. शु. १३

पाट, समई, फूल. पुस्तकाला हळदकुंकू लावलं! मास्तर पानं दुमडण्याचं बोलले होते, हळदीचं काही बोलले नव्हते.

शिवाय मायचा नियम, वंगाळ जागी थांबायचं नाही. नेमकं आज वादळाचं प्रकरण. गणूला काठावर काढेपर्यंत तीन प्रकरणं एका दमात वाचली, घसा सुकला तरी पाणी नाही.

"समिंदर केवढा असंल रं? गंगेएवढा?" गंगा म्हणजे आमची गोदावरी, राक्षसभुवनला तिला पूर आलेला मायनं बघितलाय. त्याहून मोठं पाणी तिला ठाऊक नाही. मी तरी कुठं पाहिलंय.

श्रावण वद्य ५

माय आता "आपला गणू" म्हणते. तिच्या लेखी दोघं एकाच गाडीनं गेलेत. शेवट मला एकट्याला ठाऊक आहे. हे ओझं वाईट. ती हात जोडून ऐकत असते आणि मला त्या शेवटच्या पानाची जाडी बोटाला लागत राहते.

वहिनी दाराआड ज्वारी पाखडत बसते. मी वाचायला लागलो की सूप थांबतं. आज सगळं आवरल्यावर खालच्या मानेनं विचारलं,

"भावजी, गणूचं लगीन झालतं का?"

पुस्तक धुंडाळलं. दुसऱ्या प्रकरणात एकच ओळ, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बस्स. ज्यानं लिहिलं त्याला पुढं तिची आठवणच राहिली नाही.

मग लक्षात आलं. आमच्या दारात येणारा प्रत्येकजण मायला विचारतो, "पोराचं काय कळलं?" वहिनीला कुणी विचारत नाही. मीसुद्धा आजपर्यंत विचारलं नाही. दादा गेला तेव्हा तिच्या अंगाची हळद जेमतेम उतरली होती. लाज वाटली.

उद्यापासून गणूच्या बायकोचं थोडं थोडं मनचंच वाचीन. कुणाला कळतंय?

भाद्रपद शु. २

सुरुवातीला चाचरलो. आता सराव झालाय. डोळे पानावर ठेवायचे आणि मनातलं बोलायचं. "नाव काय तिचं?" वहिनीनं विचारलं. हे ठरवलंच नव्हतं. गोदा म्हणालो. गोदा जात्यावर बसते पण ओवी म्हणत नाही. कुणी बंदरावरनं आलं की सासू पुढं होते आणि गोदा आत चुलीपाशी कान देऊन उभी असते. रोज एक भाकरी जादा थापते आणि सकाळी शिळी म्हणून आपणच खाते.

"सोन्यावाणी सून हाय," माय म्हणाली.

दिवस मावळायच्या आधी तिनं वहिनीला ओसरीवर बसवून केसाला तेल लावलं. किती महिन्यांनी. मी लांबून बघत होतो. परीक्षेत पहिला आलो तेव्हाही इतकं बरं वाटलं नव्हतं. पण मला कोण तेल लावणार, हाही विचार आला. सतराव्या वर्षी असले विचार येऊ नयेत.

भा. शु. ११

पुढं सरकवत सरकवत आता एकच प्रकरण उरलं. आज ताप आल्याचं सोंग केलं. मायनं खरा समजून काढा पाजला. कडू जहर. बरा झालो की गोदाचंच लांबवत बसायचं.

भा. वद्य ६

तात्या आले होते, माझे थोरले चुलते. वडलांचं पित्तर अष्टमीला, त्याचं बोलायला. पण बोलले भलतंच.

तात्या मायचे थोरले दीर, म्हणून ती त्यांच्याशी समोरासमोर बोलत नाही. पदर ओढून दाराआड उभी. मधे मी. दोघांना एकमेकांचं स्वच्छ ऐकू येतं, तरी निरोप माझ्या नावानं.

"नामा, तुज्या मायला इचार. सर्वपित्रीला थोरल्याचं पान मांडायचं का?"

"नामा, तात्यास्नी सांग. जित्या माणसाचं पान मांडीत न्हाईत."

"इचार तिला, जित्ता हाय कशावरून? खबर न्हाई, काई न्हाई. तिथी ठावं नसलेल्यांचीच तर आवस असती."

मी नुसता मान वळवत होतो. आत सूप गप्प. दादाचं पान मांडलं की वहिनीचं कुंकू पुसलं जाणार, बांगड्या फुटणार. हे तात्या बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती.

तात्यांचा राग आला, पण ते दुष्ट नाहीत. त्यांचा बैल गेला, नातू अंथरुणावर आहे. म्हणाले, "माज्या खांद्यावर वाढलंय ते पोर. मला काय हौस हाय का? पर उपाशीच भवताली फिरत असंल तर?" आणि उपरण्यानं डोळे पुसले.

मग माय म्हणाली, "नामा, सांग. त्याच्या नावानं पोथी धरलीय. पोथी अर्धी असताना असलं काई करायचं नसतंय."

पोथीपुढं कोण काय बोलणार. उठताना मात्र म्हणाले, "मंग आवसंच्या आत संपवा म्हणावं. म्या बी येतो शेवट ऐकायला. मंग ठरवू."

मास्तरांच्या कादंबरीवर आमच्या घराचा निवाडा. हसावं की काय करावं.

भा. व. १२

ठरवलं, शेवट बदलायचा. गणूला घरी आणायचं. जहाज, बंदर, पायवाट, दार, सगळं मनात जुळवून ठेवलं. गोदाच्या हातून तांब्या पडतो तिथवर. गोठ्यात बसून पाठ करत होतो. वहिनी शेणाची पाटी घेऊन आली. इकडंतिकडं बघून म्हणाली,

"भावजी, म्या वाचलंय ते."

मला आधी कळेना. तिला अक्षर येतं? दादानं शिकवलं म्हणे, चुलीच्या राखेत बोटानं गिरवून. मायला ठाऊक नाही. रोज सगळी शेतात गेल्यावर देव्हाऱ्यापुढं बसून एकेक ओळ लावत होती.

"समदं धुंडाळलं. ती कुठंच न्हाई."

"कोण?"

"गोदा."

पाटी खाली ठेवली तिनं. "आन् गणू मरतोय."

म्हणालो, वैनी, मी परवा वेगळंच वाचतो. तो येतो असं वाचतो. तिनं मान हलवली. "मायनं पोथी म्हणून त्याला हात जोडल्यात. तात्या म्होरं बसणार. तुमचा आवाज फुटंल." मग जराशानं, "खोटं नगं. खरं बी नगं."

मग काय पाहिजे? ते नाही सांगितलं. पाटी उचलून गेली.

भा. व. १४

आज.

समई लागली. तात्या घोंगडीवर येऊन बसले. माय हात जोडून. मी शेवटचं प्रकरण काढलं. अक्षरं दिसत होती, तोंड उघडेना. तात्या म्हणाले, "वाच की रं. कावून थांबला?"

आणि दाराआडून वहिनीचा आवाज आला. लग्न झाल्यापासून चुलतसासऱ्यापुढं ती एक शब्द बोललेली नाही. पदर हनुवटीपर्यंत असणार, मला दिसत नव्हतं. प्रत्येक शब्द नीट आला.

"भावजी, तात्यास्नी सांगा. ज्याच्या नावानं पोथी धरली, शेवटचा अध्याय त्यानंच येऊन वाचायचा. तवर बांधून ठिवायची."

असा नियम कुठं आहे? मी तरी ऐकला नव्हता. मायनं ऐकला असेल की नसेल, देव जाणे. पण ती तडक उठली, माझ्या हातातून पुस्तक घेतलं, लाल रुमालात बांधलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं. "तशीच रीत हाय," म्हणाली. तात्यांशी, सरळ, निरोपाशिवाय.

तात्यांनी रुमालाकडं बघितलं. मग "बरं" म्हणून उठले. त्यांच्या चेहऱ्यावर मला सुटका दिसली. त्यांनाही ते पान मांडायचं नव्हतंच.

अमावास्या

एकही जादा पान नाही.

आश्विन शु. ४

शाळा उघडल्याचा निरोप. उद्या निघायचं. मास्तरांना काय सांगू? पुस्तक देवात बसलं म्हणून? सांगायचं तर फटके, न सांगायचं तर चोर. फटकेच परवडले.

वहिनीनं वाटेची भाकरी बांधून दिली. म्हणाली, "भावजी, गोदाचं तुमी तोंडानं वाचलं ते पुस्तकात न्हाई. ते लिवून धाडा. मला माज्या डोळ्यांनी वाचायचंय."

शेवट कसा करू विचारलं.

"तुमाला येतंय तसा. पर गोड करायचा म्हणून करू नका."

आ. शु. ७, बीड

बोर्डिंग अर्धं रिकामं. माझ्या शेजारची खाट मोकळी. पाली गावचा पोरगा, भूमितीत माझ्याहून हुशार. त्याच्या घरचे येऊन ट्रंक घेऊन गेले म्हणतात. कोनाड्यात त्याचा कंगवा राहिलाय. कुणी हलवत नाही, मीही नाही.

मास्तरांनी मारलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि पाठमोरे होऊन फळा पुसायला लागले. कोराच होता फळा.

आ. शु. ११

दसरा कालचा झाला. पोरं सोनं लुटून आली. मी खोलीतच होतो. गोदा लिहितोय.

जातं, भाकरी, बंदरावरची माणसं, सगळं उतरवून झालं. वहिनी एकेका अक्षरावर बोट ठेवील म्हणून ठळक लिहितो. खोटं लिहिलं तर तिला कळेल, तिनं खरा शेवट वाचलाय. खरं लिहिलं तर तिच्यापुढं ते पान मीच मांडल्यासारखं होईल. खोटं नगं, खरं बी नगं. वर्तमानपत्रात बघितलं. लढाई चालूच आहे.

चार वेळा खोडलं. आता इतकंच उरलंय, आणि शेवटचं वाक्य अर्धंच ठेवतो. दिवस मावळायला आलाय. सासू आत आहे. गोदा पहिल्यांदाच दाराबाहेर येऊन उभी राहिलीय, डोक्यावरचा पदर मागं सारून. वाटेवर लांब कुणीतरी चालत येतंय. चाल ओळखीची वाटते, पण या उजेडात