माझ्याकडे

सोमवार, ३ मार्च

नवं घर, नवी नोकरी, मग वही तरी जुनी कशाला? आधीच्या इस्पितळात रोजनिशी लिहायची तर झोप नाहीतर जेवण यातलं एक सोडावं लागे. इथे दोन्ही मिळेल असं दिसतं.

घर तिसऱ्या मजल्यावर. बाल्कनीत सकाळचं ऊन येतं, स्वयंपाकघराच्या खिडकीतून मात्र शेजाऱ्यांची भिंत दिसते. नवरा घरी बसून यंत्रांच्या भागांची रेखाटनं करतो, त्याचं ते अवाढव्य टेबल दारातच अडकलं. हमाल दाराला नावं ठेवत होते, नवरा हमालांना. शेवटी टेबलाचे पाय काढले. मुंगीने प्रत्येक खोलीत जमिनीवर आडवं पडून बघितलं आणि सगळ्यात लहान खोली आपली म्हणून जाहीर केली. आमची ही लेक चालायला लागल्यापासून कधी रिकाम्या हाताने चालली नाही, सतत काहीतरी उचलून इकडून तिकडे. म्हणून मुंगी.

बाल्कनीतून इस्पितळ दिसतं, पांढरं, चार मजली, रंग अजून ताजा. मुलाखतीत व्यवस्थापक म्हणाले होते की इथे डॉक्टर पेशंटजवळ खुर्ची घेऊन बसतात. मला तिथेच रडू येणार होतं. नवरा म्हणतो, तुला कुणी खुर्ची दिली की तू कुठेही हो म्हणशील. त्याचं काही चुकत नाही.

गुरुवार, ६ मार्च

आज पहिला दिवस. खुर्च्या आहेत, खरंच.

इथली एक पद्धत फार आवडली. पाळी बदलताना जाणारा डॉक्टर येणाऱ्याला एकेका पेशंटची हकिगत तोंडी सांगतो आणि येणारा म्हणतो, ‘माझ्याकडे.’ तो शब्द उच्चारला की पेशंट तुमचा आणि जाणारा मोकळा. एवढं सुटसुटीत हँडओव्हर मी कुठे पाहिलं नव्हतं.

ज्यांच्या जागी मी आले त्या डॉक्टरीणबाईंचा आज शेवटचा दिवस होता. डॉक्टरकीच सोडणार आहेत म्हणे. त्यांना सगळा वॉर्ड फिरून दाखवायचा होता, पण मला तेवढ्यात खालून बोलावणं आलं, त्यामुळे आमचं हँडओव्हर लिफ्टपाशीच झालं. त्या खांद्याला पिशवी लावून भराभर सांगत होत्या, मी भराभर ‘माझ्याकडे’ म्हणत होते. सगळ्यात शेवटी, लिफ्टचं दार पायाने अडवून त्यांनी सांगितलं की कोपऱ्यातल्या खोलीत एकजण आहेत. काय होतंय, कधीपासून, काही नाही. मीही म्हटलं, माझ्याकडे.

त्यांनी खांद्याची पिशवी सारखी केली. मग माफ करा म्हणाल्या आणि पाय मागे घेतला. मला उशीर झाला म्हणून म्हणाल्या असतील.

बुधवार, १२ मार्च

दुरून डोंगर साजरे. माझ्या वाट्याला एक नव्हे, दोन वॉर्ड आहेत. दुसऱ्या वॉर्डाचा डॉक्टर कधीच सोडून गेलाय आणि त्याची जागा भरायची गरज कुणाला वाटत नाही, कारण कामं तर होतायत. व्यवस्थापकांच्या भिंतीवर एक आलेख आहे, तो वर चढतोय. त्यांचं मी घड्याळमास्तर असं नाव ठेवलंय. बोलताना ते माणसाकडे बघत नाहीत, मनगटाकडे बघतात.

खुर्चीवर बसायला मात्र कुणाला वेळ नाही. सगळेच डॉक्टर निम्मे पेशंट नुसते ऐकून घेतात, न बघता, पुढच्या पाळीला तसेच सांगून टाकतात. मला आधी धक्का बसला. आता मीही तेच करते.

कोपऱ्यातली खोली शेवटी आज बघितली. तिथे जुन्या गाद्या आणि सलाइनचे स्टँड रचून ठेवलेत. मोठ्या सिस्टरना विचारलं, तर त्या म्हणाल्या की त्यांच्या हयातीत तिथे पेशंट ठेवलेला नाही, आणि कामाच्या गर्दीत चेष्टा करू नये. डॉक्टरीणबाई फार थकल्या होत्या, एवढाच याचा अर्थ. मला हसू आलं.

शनिवार, २२ मार्च

तो आहे.

कोपऱ्यातल्या खोलीबाहेरच्या बाकावर बसला होता. पन्नाशीचा असावा. इस्पितळाचा गाऊन, पाय अनवाणी. मला बघून उभा राहिला, एक हात मागे नेऊन गाऊनच्या नाड्या धरलेल्या, सगळेच पेशंट लाजून धरतात तशा. मी काही विचारायच्या आत तोच म्हणाला की घाई नाही, तुमचं होऊ दे. मी म्हटलं, पाच मिनिटांत येते.

गेले नाही. हे वाक्य मी दिवसभर इतक्या जणांना ऐकवते की ते आता श्वासासारखं आपोआप बाहेर पडतं. घरी आल्यावर आठवलं आणि मोठ्या सिस्टरना फोन केला. त्या म्हणाल्या, बाकावर कुणी नव्हतं, तुम्ही जरा झोपा.

मंगळवार, १ एप्रिल

खिडकीजवळच्या बाई गेल्या.

पोट दुखतं म्हणत होत्या. पहिल्या पाळीने पुढे सांगितलं की बाई घाबरट आहेत. दुसऱ्या पाळीने तेच पुढे सांगितलं. मीही ‘माझ्याकडे’ म्हटलं. एकानेही पोटाला हात लावून बघितला नाही. ऑपरेशनच्या टेबलावर पोट उघडलं तेव्हा फार उशीर झाला होता. त्यांच्या भावाने एवढंच विचारलं की ताईला कोण बघत होतं. मी बघत होते, असं म्हणाले. याहून मोठं खोटं मी आयुष्यात बोलले नसेन. त्याने माझे आभार मानले.

बैठकीत घड्याळमास्तरांना वाईट वाटलं. उपाय म्हणून डॉक्टरांनी पेशंटशी गोड कसं बोलावं याचं व्याख्यान ठेवलंय, जेवणाच्या सुट्टीत. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. दुसऱ्या वॉर्डाच्या डॉक्टरबद्दल मी विचारलं, तर त्यांनी मनगटाकडे बघितलं.

निघाले तर तो माझ्या स्कूटरपाशी उभा होता, उन्हात, तापलेल्या फरशीवर अनवाणी. आज दमलेल्या दिसताय, म्हणाला. घाई नाही.

रविवार, ६ एप्रिल

काल शाळेत मुंगीचा दात पडला. तिने मला सगळी गोष्ट सांगितली, कसा हलत होता, जिभेने कसा ढकलला, बाईंनी कसा कागदात बांधून दिला. मी हं हं करत होते. मग तिने हात कमरेवर ठेवून विचारलं की मी आत्ता काय सांगितलं. मला एक शब्द आठवला नाही. दात हा शब्दसुद्धा मी नवऱ्याकडून ऐकून इथे लिहितेय.

लेकीचं बोलणं ऐकू येत नाही म्हणजे मी आई कसली? नवरा म्हणाला, दमतेस, होतं असं. पण मी तिच्या तोंडाकडे बघत होते आणि माझ्या डोक्यात पुढची कोण, पुढची कोण असं चाललं होतं.

जिन्याच्या वळणावर तो बसलाय. नवरा त्याच्या बाजूने भाजीची पिशवी घेऊन वर आला, त्याला काही दिसलं नाही. मुंगीने मात्र विचारलं, त्या काकांना चपला नाहीत का.

शुक्रवार, ११ एप्रिल

डॉक्टरीणबाईंना गाठलं. गावाबाहेर रोपवाटिका काढलीय त्यांनी. मातीने हात भरलेले, गालावर तजेला. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता, सरळ विचारलं, तो कोण आहे.

त्यांनी एका कुंडीतली माती दाबली. मग म्हणाल्या की त्यांच्याकडे तो त्यांच्या आधीच्या डॉक्टरांकडून आला, त्यांच्याकडे त्यांच्या आधीच्यांकडून. इतक्या जणांनी ‘माझ्याकडे’ म्हटलं आणि कुणी कधी त्याला तपासलं नाही. केव्हातरी वाट बघता बघताच गेला असेल. मेल्यावरही वाटच बघतोय. त्या त्याला तपासायला बसल्या होत्या, पण दर वेळी वॉर्डातून हाक यायची आणि तोच म्हणायचा, जा तुम्ही. त्यांचा नवरा सोडून गेला, कारण त्याचं बोलणं त्यांना ऐकू येईनासं झालं होतं. तो पेशंट दुसऱ्या कुणी घेतल्याशिवाय जात नाही. नवीन डॉक्टर येईल तेव्हा देऊन टाक, म्हणाल्या. मग रडल्या. मला त्यांचा राग आला, आणि त्यांच्या तजेलदार गालांचा हेवा वाटला, दोन्ही खरं आहे.

शनिवार, १२ एप्रिल

राजीनामा दिला. महिनाभर थांबावं लागेल. घड्याळमास्तर म्हणाले, इथे कुणाचंच मन रमत नाही बघा, पिढीच नाजूक झालीय. डॉक्टर व्हायला मी अर्धं आयुष्य घातलं, आणि सोडून देताना पोटात नुसती भूक लागली. नवरा म्हणाला, मोळ्या विकू पण तू घरी ये.

शनिवार, १० मे

शेवटचा दिवस. माझ्या जागी आलेली मुलगी अगदी कोवळी आहे, कोटाची इस्त्री मोडलेली नाही. मी तिला लिफ्टपाशी गाठलं नाही. प्रत्येक खाटेजवळ नेलं, प्रत्येकाच्या अंगाला हात लावायला लावला, मगच ‘माझ्याकडे’ म्हणू दिलं. घड्याळमास्तर दोनदा येऊन मनगट बघून गेले.

कोपऱ्यातल्या खोलीशी आलो. तो दारात उभा होता, नाड्या धरून. तिने विचारलं, इथे कुणी? एक शब्द बोलले असते की सुटले असते. तोंडापर्यंत आला होता.

गाद्या आहेत, म्हटलं.

निघताना तो माझ्या मागोमाग लिफ्टमध्ये शिरला.

रविवार, ११ मे

तो दिवाणखान्यात आहे, बाल्कनीजवळच्या खुर्चीवर. आता वॉर्ड नाही, हाक मारणारं कुणी नाही, घड्याळ नाही. सुटायचा सरळ मार्ग आहे, त्याला तपासायचं. बसले समोर. विचारलं, काय होतंय?

तो बोलायला लागला. इतक्या वर्षांनी कुणीतरी विचारलं म्हणून डोळे भरून आले त्याचे. तो सांगत होता, ओठ हलत होते, आणि मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मी हं हं करत होते. माझा हात आपोआप त्याच्या मनगटावर गेला. गार. नाडी नाहीच.

कशी आहे, असं त्याने विचारलं असावं.

आणि मी म्हटलं, ठीक आहे. काळजी करू नका. पुढचे कोण?

मेलेल्या माणसाला मी ठीक आहे म्हणून सांगितलं.

मंगळवार, १३ मे

पुन्हा बसले. पुन्हा तेच. त्याचा दोष नाही, वेळही आहे — ऐकायचं जे काही माझ्यात होतं तेच संपलंय. इस्पितळातच कुठेतरी सांडलं.

नवरा बोलतो, तेही आता नुसते ओठ.

बुधवार, १४ मे

रात्रंदिवस खुर्चीत. घाई नाही म्हणतो. एवढंच ऐकू येतं त्याचं, घाई नाही, घाई —

मुंगीने त्याच्या पायाशी तिच्या चपला नेऊन ठेवल्या. मी ओढून काढल्या तिथून. ओरडले तिच्यावर. रडली. तिचं रडणं मात्र —

ऐकू आलं नाही.

शुक्रवार, १६ मे

झोप लागली! दुपारी जेवून अंग टाकलं ते आत्ता जाग आली, ऊन कलल्यावर. एवढी गाढ झोप गेल्या कित्येक महिन्यांत नाही.

आणि खुर्ची रिकामी आहे. बाल्कनीत, जिन्यावर, सगळीकडे बघून आले. कुठेही नाही. कंटाळून गेला असेल. नाहीतर मी दोनदा समोर बसले तेवढ्यानेच त्याचं समाधान झालं असेल, कोण जाणे. मी कुणाच्याही गळ्यात घातला नाही, हे महत्त्वाचं.

आणि ऐकू येतंय. खालच्या रस्त्यावरची सायकलची घंटा, शेजारच्यांचा कुकर, आत नवऱ्याची पट्टी कागदावर घासतेय. मी इथे बसून रडतेय आणि हसतेय. उद्यापासून लेकीला मांडीवर घेऊन तिच्या दाताची गोष्ट पहिल्यापासून सांगायला लावणार आहे.

मुंगी तिच्या खोलीत खेळतेय, तेही ऐकू येतंय. डॉक्टर-डॉक्टर चाललंय बाहुल्यांशी. कुठे दुखतं, विचारतेय. मग गप्प बसते, मग अरेरे म्हणते, मग, मग काय झालं, असं विचारते. किती छान ऐकते ही. माझ्यापेक्षा चांगली डॉक्टर होईल, देव करो आणि न होवो.

केवढा वेळ गप्प बसलीय. बाहुली एवढं काय सांगतेय हिला.

माझ्या चपला घाला, म्हणतेय. लहान होतील पण घाला.

आईला नका उठवू म्हणतेय, आई दमलीय, तुम्ही आता माझ्या —

नाही मुंगी तो शब्द नको नको म्ह