हँगरमागच्या खोलीकडे

१४ नोव्हेंबर, दुपार

प्रिय कॅप्टनसाहेब,

नमस्कार. इकडे सर्व ठीक, तिकडेही असावं. नवऱ्याला पत्र कसं सुरू करतात ते मला माहीत नाही, आजवर गरज पडली नव्हती. फोन तू उचलत नाहीस, म्हणून तुमच्या हेलिकॉप्टरच्या मिस्त्रींच्या हाती हे पाठवते आहे. ते बाहेरच्या खोलीत माझ्या आईची नजर चुकवत बसलेत. बिचाऱ्यांचा एक स्क्रूही चुकलेला नव्हता, तरी चोरासारखे बसतात. मी त्यांना दुसरा कप चहा दिलाय, तो संपेपर्यंत लिहायचं आहे.

बाथरूमचा नळ पुन्हा गळायला लागलाय. पलंगावर मी अजून माझ्याच बाजूला झोपते, तुझ्या बाजूला इस्त्रीचे कपडे रचून ठेवलेत. आई इथेच आहे. तुझं नाव निघालं की उठून जाते. परवा तिने आपल्या लग्नाचा फोटो भिंतीवरून उतरवला, मी परत लावला, तिने परत उतरवला.

मिस्त्री सांगत होते, तू उभ्याउभ्याच जेवतोस आणि उरलेल्या दुसऱ्या हेलिकॉप्टरची काच रोज पुसतोस. त्यात बसायची परवानगी नाही तरीही.

अपघाताचा अहवाल मी वाचला. वैमानिकाची चूक. यंत्र ठणठणीत, हवा स्वच्छ, लंबू शेजारी प्रवासी म्हणून बसलेला. चालवायचा दांडा माझ्याच हातात होता, असा जबाब तू दिलास. लेकाबद्दल आईने एवढंच ऐकलं आणि कान बंद केले.

मी पुढचंही वाचलं. शेतातल्या माणसांनी जे पाहिलं ते. हेलिकॉप्टर फार खाली आलं होतं, थोडं डावीकडे कललं, सावरताना उजवीकडे जास्त गेलं, मग डावीकडे त्याहून जास्त, आणि असं झुलत झुलतच जमिनीवर आपटलं.

तू? तू गाडी चालवतोस तेव्हा मागच्या सीटवरचं दुधाचं पातेलं हिंदकळत नाही. तुझ्या या गोगलगायीच्या चालीला मी लग्न झाल्यापासून नावं ठेवत आले आहे.

असं झुलताना मी एकालाच पाहिलंय, आपल्या स्वयंपाकघरात, अपघाताच्या आदल्याच आठवड्यात. खुर्चीत बसून, त्या ताडमाड गुडघ्यांमध्ये लाटणं उभं धरून लंबू मला हेलिकॉप्टर चालवून दाखवत होता. लाटणं इकडे, मग तिकडे, मग आणखी इकडे, आणि शेवटी खुर्चीसकट आडवा. मी हसून हसून बेजार. तो जमिनीवर पडल्यापडल्याच म्हणाला, "ताई, दाजी खरंच देतात हातात. कुठे बोलू नकोस हं, त्यांची नोकरी जाईल."

मी कुठे बोलले नाही.

तर दांडा त्याच्या हातात होता. तू का लपवलंस तेही कळतं. गेलेल्या पोराला कोणी बोल लावू नये, आईला ते ऐकावं लागू नये. सगळं स्वतःच्या अंगावर घेतलंस. पण माझ्याशी खोटं बोलायला तुला कधीच जमलं नाही, म्हणून पळालास.

तुझी चूक नव्हती असं मी म्हणणार नाही. हौस त्याची होती, पण अक्कल तुला होती. इतक्या खाली असताना, काही न शिकलेल्या पोराच्या हातात तू दांडा दिलास. ते मी माफ केलेलं नाही. कधी करीन, ठाऊक नाही. तुला धरून बडवावंसं वाटतं आणि तुझ्याच कुशीत शिरून रडावंसंही वाटतं, आणि दोन्हींसाठी तू घरात नाहीस.

भेटायला येणारे सगळे एका गरीब बिचाऱ्या प्रवाशासाठी हळहळतात. आपला लंबू गरीब बिचारा नव्हता रे. आगाऊ होता, हट्टी होता, कोणाचं ऐकणारा नव्हता. त्या लंबूसाठी या घरात मी एकटी रडते, तेही नळ सोडून, आईला ऐकू जाऊ नये म्हणून. त्याला तसा ओळखणारा दुसरा माणूस काचा पुसत बसलाय.

आईला मी काही सांगितलेलं नाही. सांगायचं की नाही, हे एकटीने ठरवणं माझ्याच्याने होत नाही.

आणखी एक. त्याची शेवटची काही मिनिटं फक्त तुझ्यापाशी आहेत. दांडा हातात आल्यावर तो काय बोलला? हसत होता का? घाबरला का? मला ते सगळं हवंय, वाईट असलं तरी. त्याच्यावर माझाही हक्क आहे, आणि तू ते त्या खोलीत कुलूप लावून ठेवलंयस.

ये आणि सांग. आई दारातच वाट्टेल ते बोलेल, ते ऐकून घे. तिच्या मागे मी उभी असेन.

लंबूची ताई,
आणि अजून तरी तुझीच बायको