गच्चीबाबत सर्वानुमते

तीर्थरूप आत्यास,

वाकून नमस्कार. (पत्रातून पाय दिसत नाहीत, तेव्हा अंदाजाने वाकले आहे.) तुझा गुडघा कसा आहे? ताईचं बाळ अजून दिवसा झोपून तुम्हा सगळ्यांना रात्रभर जागवतं का? ताईला म्हणावं, तब्येतीकडे लक्ष दे आणि तुझ्या सूचनांकडे थोडं कमी. मी इथे वर, गच्चीलगतच्या तुझ्या घरात मजेत आहे. दूध उतू जाऊ देत नाही, आतून कडी घालते, आणि गॅस बंद केलाय का हे बघायला विद्यापीठाच्या दारातून एकदाच परत आले.

तू दर वेळी विचारतेस की मी तिथे नक्की करते तरी काय. सांगते. वीज कोळशाऐवजी उन्हातून येऊ लागली, पण ती कुणाला आधी मिळायची हे ठरवणारे तेच ते राहिले, तर आपल्यासारख्यांना काय उपयोग? म्हणून लोकांनी एकत्र बसून, सगळ्यांच्या संमतीने ठरवावं आणि ते कसं ठरवतात हे मी पाहावं, असा माझा विषय. (बाबांनी याचा सारांश ‘म्हणजे नुसतं बघत बसायचं’ असा काढला. तो फारसा चुकलेला नाही.) तर विद्यापीठ एका गल्लीला सौर पॅनेल देणार होतं आणि मी आपलीच गल्ली सुचवली. अट एवढीच की कुणाच्या गच्चीवर बसवायची आणि त्या विजेवर आधी काय चालवायचं, हे रविवारपर्यंत सर्वानुमते ठरायला हवं. नाहीतर पॅनेल दुसऱ्या वस्तीला. तुला माहीतच आहे, वीज गेली की आपला पंप बंद पडतो आणि मग तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या काकू, ते तसलं हृदय घेऊन, पायरीपायरीवर थांबत बादली वर नेतात. त्यामुळे हे जमायलाच हवं होतं.

सभा खालच्या वाचनालयात. कुणी मोठा नाही, कुणी छोटा नाही, म्हणून खुर्च्या गोलात मांडल्या (खोली लांबट असल्यामुळे गोलाचं वांगं झालं). माझ्या पद्धतीचे नियम असे की संशोधकाने तोंड उघडायचं नाही, ज्याची गच्ची त्याची संमती हवीच, आणि जो सर्वांत कमी बोलला असेल त्याचं आधी ऐकायचं. कारण मोठ्या आवाजाच्या माणसांपुढे बाकीच्यांचं राहून जातं. (तू मनाला लावून घेऊ नकोस.) हा शेवटचा नियम ऐकताच निवृत्त मॅनेजरसाहेबांनी, जे एरवी जिन्यात गाठूनही भाषण पूर्ण करतात, ओठ घट्ट मिटले. आपला नंबर पहिला लागावा म्हणून! ते बाकीच्यांच्या लक्षात आलं आणि सगळेच मिटले. दातांचे डॉक्टर मिटले. गायन शिकवणाऱ्या बाई लालबुंद होईपर्यंत मिटल्या. बेकरीवाल्यांना शिंक आली, तेव्हा बाईंनी ती बोलण्यात धरावी अशी हरकत घेतली आणि हरकत घेतल्यामुळे स्वतःच शेवटच्या नंबरवर गेल्या. त्यानंतर कुणाची शिंकायचीही छाती झाली नाही. मला तर बोलायची बंदीच! रेकॉर्डिंगमध्ये फक्त पंखा ऐकू येतो. अहवालात मी ‘सखोल सामूहिक चिंतन’ असं लिहिलं आणि विभागप्रमुखबाईंनी त्यावर ‘उत्तम’ असा शेरा दिला.

रविवारीही तेच. आता पॅनेल गेलीच, असं म्हणून मी मनातल्या मनात रडकुंडीला आले होते, तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला. काकू उठल्या आणि बादली घ्यायला निघाल्या.

मग मात्र कुणाला राहवलं नाही. मॅनेजरसाहेबांनी त्यांच्या हातातली बादली काढून घेतली, मागून डॉक्टर, मागून बेकरीवाले, जिन्यावर रांगच लागली आणि बादल्या हातोहात वर जाऊ लागल्या. आणि बोलणं! सगळे एकदम, एकमेकांना तोडत, भिजत, हसत. आधी पंप, मग जिन्यातले दिवे, पॅनेल पुसायची पाळी घरटी. पहिल्या मजल्यावर वाद, दुसऱ्यावर समेट, तिसऱ्यावर एकमत. गच्चीचंही तिथेच ठरलं. मी रेकॉर्डर घेऊन धावत होते, तर गाण्याच्या बाईंनी माझ्याही हातात बादली दिली आणि माझी तटस्थता तिथेच सांडली. आत्या, मला इतका आनंद झाला की काय सांगू. इतकी वर्षं जे कागदावर लिहीत होते ते माझ्या डोळ्यांसमोर घडलं, आणि तेही माझे नियम धाब्यावर बसवून.

असो. बाळाला पापा, ताईला धीर, भावोजींना सहानुभूती.

तुझी (निदान हे लिहीपर्यंत) लाडकी
भाची

ता. क. : एक बारीकशी गोष्ट राहिली. बाकीच्या गच्च्यांवर टाक्यांची सावली पडते, म्हणून पॅनेल तुझ्या गच्चीवर बसवायचं ठरलं. कुंड्या आणि कपड्यांच्या दोऱ्या हलवाव्या लागतील. एकमत इतक्या झटपट कसं झालं, हे मला नंतर उमगलं : नाही म्हणणारी एकटीच, ती लेकीकडे. ठराव रविवारीच झाला आणि विद्यापीठ फक्त तुझ्या होकारासाठी थांबलंय, पण तू नाही म्हणालीस तर सगळंच थांबेल, कारण नियम म्हणजे नियम.

ता. क. २ : फोन का केला नाही, असं विचारशील. करायची सगळ्यांची तयारी होती, पण फोनवर तू मध्ये बोलू देत नाहीस.

ता. क. ३ : मी तटस्थ असल्यामुळे आग्रह करू शकत नाही. हा निरोप फक्त काकूंचा, जसाच्या तसा : “तिला सांग, माझा दम बादलीत गेला नाही तर तो तिच्याकडे वर यायला उरेल.”