राखी बांधणार नाही

२० ऑगस्ट ९९, शुक्र.

…तांदूळ धुतले, टाकीत पाणी कमी म्हणून दोन बादल्या भरून ठेवल्या, ह्यांच्या कामाच्या कपड्यांच्या खिशातली चिल्लर काढून ओट्यावर ठेवली. डब्यात भेंडी, चपात्या, कडेला लिंबाचं लोणचं. सायली झोपलेली. बूट घालताना म्हणाले, "गॅस संपत आलाय, सांगून ठेव." मी बरं म्हटलं. त्या सकाळी याहून वेगळं काही नव्हतं. दुपारी शुऐबाला, बंदरावर, कामावरच छाती धरून खाली बसले ते बसलेच. चार वर्षं झाली.

आज कपडे भिजवताना ती सकाळ पुन्हा पहिल्यापासून आठवली, कारण काल हसनभाई गाडीत म्हणाले, "तो पैला लोनचा संपवायचा, मंग चपातीला हात." घरी कधी असं खाल्लं नाही. मला हे माहीतच नव्हतं.

हसनभाई ह्यांच्याच क्रेनवर होते. मूळचे दाभोळचे, आता इथे कुवेतला. अजून शुऐबाला जातात, वाटेत मला फहाहीलला, मी काम करते त्या दवाखान्यापाशी सोडतात. मागे बसलं की त्या जुन्या गाडीच्या एसीच्या घरघरीत एक शब्द ऐकू येत नाही. म्हणून पुढे बसते. पंधरा मिनिटांचा रस्ता. कधी काही सांगतात, कधी नाही.

२३ ऑगस्ट, सोम.

संध्याकाळी नाईकवहिनी आल्या. इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्ष, त्यामुळे चहा घेईपर्यंत कामाचं बोलल्या नाहीत. मग:

"सुलभाताई, मी काही म्हणत नाही हो. पण लोक बघतात. बाईमाणूस, एकटी, परक्या पुरुषाच्या शेजारी, तेही रोज."

"मागे बसले तर चालेल?"

"आता मागे बसलात तर म्हणतील, बघा, चोराच्या मनात चांदणं."

त्यांनीच उपाय आणला होता. येत्या शुक्रवारी मंडळात राखीपौर्णिमा आहे. हसनभाईंना बोलवायचं, सगळ्यांदेखत मी त्यांना राखी बांधायची. फोटो काढायचा. विषय संपला. मग खुशाल पुढे बसा.

"किती सोपं आहे बघा," म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या. बाई वाईट नाही. हे गेले तेव्हा आठ दिवस जेवण त्यांच्याकडून येत होतं.

विचार करते म्हटलं. काय विचार करायचा होता कुणास ठाऊक. तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं.

२५ ऑगस्ट, बुध.

सायलीला सुट्टीत शाळेची एक इंग्रजी कादंबरी वाचून निबंध लिहायचाय. तिचं वाचून झालं की मी घेते, डिक्शनरी शेजारी ठेवून. अकरावीत मी शाळा सोडली, त्यापुढचं सगळं असंच झालंय.

जुन्या काळची अमेरिका. अतिशय कडक धर्माची माणसं, गाव नवं वसवलेलं, आणि वसवता वसवता तुरुंग आधी बांधून घेतलेला. एका बाईला नवऱ्याशिवाय मूल होतं. शिक्षा काय, तर जन्मभर छातीवर पापाची खूण लावून हिंडायचं, म्हणजे समोरून येणाऱ्याला लांबूनच कळावं. पुरुषाचं नाव सांग म्हणतात, ती सांगत नाही. ज्याचं पाप अर्धं, तो त्यांचाच धर्मगुरू, तोच तिला वरून उपदेश करतो!

मला वाटतं, खूण तिच्यासाठी नव्हतीच. बघणाऱ्यांच्या सोयीची होती. एकदा खूण लावली की माणसाकडे बघायला नको, तिच्याशी बोलायला नको.

राखीचंही तेच. फक्त मनगटावर आणि रेशमी.

२६ ऑगस्ट, गुरु.

गाडीत हसनभाईंना सगळं सांगितलं. आधी हसले.

"बांधा ना भाभी. माजा काय जाताय? भैनीसारख्याच हाव तुमी."

"आहे ना? मग दोरा कशाला?"

"लोकांसाटी."

"लोकांना मी काय लागते?"

फहाहीलचा सिग्नल आल्यावर म्हणाले, "तुमचा घरवाला बी असाच होता. फोरमनसंगं एकदा दोन दिस बोल्ला नाय. चूक त्याची नव्हती, पन सांगल तर शपथ."

हेही मला माहीत नव्हतं. दवाखान्यात हत्यारं उकळत ठेवली आणि भांड्याकडे बघत उभी राहिले. डॉक्टरीणबाईंनी दोनदा हाक मारली म्हणे.

२७ ऑगस्ट, शुक्र.

गेले नाही. वहिनींना फोन केला, येणार नाही, राखी बांधणार नाही. "का पण?" का ते सांगितलं नाही.

सांगता आलं असतं. की त्या गाडीत माझा नवरा मला तुकड्यातुकड्याने मिळतो. ऐकून सगळ्याजणी रडल्या असत्या, मला जवळ घेतलं असतं, आणि परवानगी दिली असती. तीच नकोय. उद्या दुसरी कुणी नुसती एसीचा गारवा बरा लागतो म्हणून पुढे बसेल, तिने काय सांगायचं?

१ सप्टें., बुध.

सायली चिडलीय. मंडळातल्या मुली तिला विचारतात. "इट्स जस्ट अ थ्रेड, आई! टाय इट अँड फिनिश."

म्हटलं, निबंधात काय लिहिलंस? त्या बाईने खूण मुकाट लावली, बरं केलं?

"दॅट्स डिफरंट."

"कसं?"

"ते पुस्तक आहे."

एवढं मात्र मराठीत म्हणाली, आणि दार लावून घेतलं. तिचंही खरं आहे. त्रास तिला होतो, हट्ट माझा.

३ सप्टें., शुक्र.

पुस्तक संपलं. शेवटी ती बाई दूर निघून जाते, आणि पुन्हा त्याच गावात येऊन, कुणी सांगत नसताना, ती खूण परत लावते. मला अजिबात पटलं नाही. दुपारभर घुश्शात होते, भात लागला. एवढं सोसून तू त्यांचंच खरं केलंस?

रात्री सायलीला विचारलं. ती म्हणाली, तेव्हा ती खूण तिची स्वतःची झाली होती, त्यांची नव्हती. टीचरने असं सांगितलंय. असेल. मी असते तर लावली नसती.

९ सप्टें., गुरु.

गणपतीच्या कामांची वाटणी झाली. मला काही नाही. बाजारहाटसुद्धा नाही.

हे होते तोवर मी मंडळाच्या गणपतीला ओवाळत असे. हे गेल्यावर ताट काढून घेतलं, स्वयंपाकात बसवलं. तेव्हा मी काही बोलले नाही, कारण परातीपाशी चार बायकांत उकड मळताना, कळ्या पाडताना, वर्षातून एकदा मी आमच्या आळीत असते. कुवेत नसतं. आता तीही जागा गेली. आज याचं फार वाईट वाटलं. राग नंतर आला.

११ सप्टें., शनि.

हसनभाई म्हणाले, "मी वाट बदलू का भाभी? दुसऱ्याला सांगतो तुमाला न्यायाला."

"तुम्हाला त्रास होतोय का?"

"मना कोन काय बोलनार. तुमचाच सन चाललाय हातातना."

"मग हीच वाट."

आज त्यांनी ह्यांचं काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. तरी पुढेच बसले होते.

१४ सप्टें., मंगळ.

रविवारी संध्याकाळी वहिनींचा फोन. "सुलभाताई, उद्या आरतीला या हं नक्की. चार वाजता. सकाळी नका धावपळ करू, सगळं होतंय." आवाज गोड. म्हणजे दर्शनाला या, पाहुण्यासारख्या. हात लावू नका.

"अजून एक राखी आहे माझ्याकडे," असंही म्हणाल्या. "पौर्णिमा गेली म्हणून काय झालं? बाप्पासमोर बांधा."

मी म्हटलं, "नाही वहिनी."

"बघा बाई," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सायली ऐकत होती. म्हणाली, "मग आता?" मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यातून अर्धी रजा घेतली. हसनभाईंनी विचारलं, कोपऱ्यावर सोडू? मी म्हटलं, दारात. नाईकांच्या बिल्डिंगसमोर, पुढचं दार उघडून उतरले. खाली तळघरात गेले, मंडळाचा गणपती तिथेच बसतो. सगळ्याजणींनी वळून बघितलं. मी हात धुतले, परातीपाशी बसले आणि उकड मळायला घेतली.